उंबरठ्याच्या आत घेणारा समाज

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्ताने नांदेड व लातूर परिसरातील कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्याच्या गावोगावी ध्वजवंदन होते. हुतात्म्यांची नावे आदराने उच्चारली जातात. बिलोली तालुक्यातील अर्जापूरजवळ २९ ऑक्टोबर १९४६ रोजी बळी गेलेले गोविंदराव पानसरे यांचे स्मरण होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या धीरोदात्त नेतृत्वाचा गौरव होतो. उमरीच्या बँकेवरील धाडीची कथा नव्या पिढीला सांगितली जाते. हे सारे उचितच आहे. ज्या समाजाला आपल्या हुतात्म्यांचा विसर पडतो, त्याला स्वातंत्र्याचे मोलही फार काळ उमगत नाही.

परंतु प्रत्येक रक्तरंजित कालखंडात मरण पावलेल्यांपेक्षा वाचलेल्यांची संख्या कितीतरी मोठी असते. त्यांच्या नावाचे स्मारक उभे राहत नाही. ज्याचे घर जळाले, जिचा पती तिच्या डोळ्यांदेखत मारला गेला, जी पळवून नेली गेली आणि परत आली, जे लेकरू आईवडिलांवाचून परक्या गावात वाढले, त्यांच्या पुढील तीस-चाळीस वर्षांचे काय झाले? त्यांना कोणी आधार दिला, आणि कोणी दार लावून घेतले? आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे. तो समजून घेण्यासाठी प्रथम दूरच्या इराकमधील एका छोट्या समाजाकडे पाहावे लागेल. तेथील प्रश्न आणि मराठवाड्याचे प्रश्न यांच्यात पहिल्या दृष्टीला वाटते तेवढे अंतर नाही.

सिंजारची शोकांतिका

इराकच्या वायव्येस सिंजार नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथे शतकानुशतके यझिदी समाज राहत आला आहे. भाषा कुर्मांजी, श्रद्धास्थान लालिशचे मंदिर आणि आराध्य मयूररूपातील देवदूत मेलेक ताऊस. या समाजात बाहेरून कोणाला प्रवेश नाही आणि समाजाबाहेर विवाह केलेल्यास परत स्थान नाही. अशा काटेकोर नियमांच्या आधारेच एवढ्या लहान समाजाने आपली ओळख टिकवली.

३ ऑगस्ट २०१४ रोजी ‘इस्लामिक स्टेट’ या दहशतवादी संघटनेच्या टोळ्या सिंजारमध्ये शिरल्या. हजारो कुटुंबे अन्नपाण्यावाचून डोंगरावर अडकली. पुरुषांच्या सामूहिक कत्तली झाल्या. ६४०० हून अधिक यझिदींना पळवून नेण्यात आले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. स्त्रियांची गुलाम म्हणून खरेदी-विक्री झाली, लहान मुलांना शस्त्र चालविण्याचे शिक्षण देण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने जून २०१६ मध्ये या कृत्यांना नरसंहार असे संबोधले. कोचो गावची नादिया मुराद या यातनांतून निसटली, जगासमोर बोलली आणि २०१८ मध्ये तिला डेनिस मुकवेगे यांच्यासमवेत शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. पळवून नेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण पुढे सुटले अथवा सोडवले गेले. मात्र दहा वर्षे उलटल्यानंतरही सुमारे २६०० जणांचा ठावठिकाणा लागलेला नव्हता.

ही वार्ता जगाने वाचली आणि हळहळ व्यक्त केली. पुढचा प्रश्न त्याहून अवघड होता. ज्या समाजात बाहेरच्या संबंधाला क्षमा नाही, त्या समाजात बलात्काराला बळी पडलेल्या, सक्तीने धर्मांतरित केलेल्या मुली परत कशा येणार? पुष्कळ मुलींना सुटकेनंतरही घराकडे वळण्याची भीती वाटत होती. मारेकऱ्यांच्या हातून वाचलेल्या त्या, स्वजनांच्या दाराशी येऊन थबकत होत्या.

या वेळी यझिदींचे ज्येष्ठ धर्मगुरू बाबा शेख खुर्तो हाजी इस्माईल पुढे आले. सप्टेंबर २०१४ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांनी जाहीर सांगितले की, या मुलींवर जे लादले गेले त्यात त्यांचा दोष नाही, त्या यझिदीच आहेत आणि समाजाने त्यांना सन्मानाने स्वीकारावे. लालिशच्या पवित्र झऱ्यावर परतलेल्या स्त्रियांना नव्याने स्नान-संस्कार देण्यात येऊ लागला. ज्या वृद्ध पुरुषाच्या शब्दाला समाज मान देत होता, त्याने तो शब्द योग्य वेळी आणि उघडपणे उच्चारला. मुलींच्या परतीच्या वाटेतील फार मोठा अडसर त्यामुळे दूर झाला. २०२० मध्ये बाबा शेख निवर्तले, परंतु त्यांचा हा निर्णय यझिदींच्या इतिहासात कायमचा राहील.

त्यानंतर सेवेचे काम उभे राहिले. दोहूक परिसरातील छावण्यांमध्ये केवळ स्त्रियांसाठी केंद्रे निघाली. तेथे येणारीला पहिल्याच दिवशी आपली कहाणी सांगावी लागत नव्हती. शिवणकामाला बसावे, भाकरी थापावी, दुसरीच्या मुलाला खेळवावे. विश्वास बसला की बोलावे. तिच्याच भाषेत बोलणाऱ्या, तिच्याच समाजातील तरुणींना समुपदेशनाचे प्रशिक्षण देण्यात आले. दोहूक विद्यापीठात २०१७ मध्ये मानसोपचाराचे स्वतंत्र शिक्षण सुरू झाले, कारण संपूर्ण प्रदेशात त्या विषयाचे तज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके होते. जर्मनीतील एका प्रांताने २०१५ पासून सुमारे ११०० स्त्रिया व मुलांना उपचारांसाठी आश्रय दिला. १ मार्च २०२१ रोजी इराकच्या संसदेने वाचलेल्यांसाठी कायदा केला. त्यात मासिक निवृत्तिवेतन, जमीन, शिक्षण व उपचार यांची तरतूद आहे, आणि यझिदींबरोबर ख्रिस्ती, तुर्कमेन व शबक समाजातील पीडितांचाही समावेश आहे.

परंतु या प्रयत्नांच्या मर्यादाही स्पष्ट दिसल्या. कायद्याचा लाभ मागणारीने आधी फौजदारी तक्रार नोंदवावी, अशी अट अंमलबजावणीत आली आणि पुष्कळ जणींच्या वाट्याला पुन्हा तेच प्रश्न, तीच भीती आली. त्याहून हृदयद्रावक प्रश्न मुलांचा होता. एप्रिल २०१९ मध्ये यझिदींच्या धर्मपरिषदेने वाचलेल्या सर्वांना स्वीकारण्याचे पत्रक काढले आणि काही दिवसांतच खुलासा केला की, अत्याचाऱ्यांपासून झालेली मुले त्यात अभिप्रेत नाहीत. आईला घर मिळाले, पण मूल कडेवर घेऊन त्या घरात जाता येईना. कित्येक मातांना दोहोंपैकी एकाची निवड करावी लागली.

स्वीकाराची जुनी वाट

हिंदू समाजाला हा पेच अपरिचित नाही. सिंधवरील आक्रमणांनंतरच्या काळात रचली गेली असे मानल्या जाणाऱ्या देवलस्मृतीने बळजबरीने नेलेल्या, बळजबरीने धर्म सोडावा लागलेल्या स्त्री-पुरुषांना प्रायश्चित्तानंतर समाजात परत घेण्याची व्यवस्था सांगितली. गर्भवती होऊन परतलेली स्त्रीही शुद्ध होते, असे तिने निःसंदिग्धपणे सांगितले. मूल मात्र स्वतःकडे न ठेवता दुसऱ्याला द्यावे, असेही तिथेच म्हटले आहे. शेकडो वर्षांपूर्वीचा स्मृतिकार आणि आजची यझिदी धर्मपरिषद एकाच ठिकाणी येऊन अडली. आईपर्यंत करुणा पोचली, लेकरापर्यंत पोचली नाही. ज्याने कोणताही अपराध केला नाही असे दोन्हींतील सर्वांत निष्पाप ते मूलच होते.

पुढच्या शतकांत ही स्वीकाराची वाटही अरुंद होत गेली. ती पुन्हा मोकळी केली महाराष्ट्रात. सेनापती नेताजी पालकर मोगलांच्या कैदेत धर्मांतरित होऊन दूर उत्तरेत राहिले. ते परतल्यावर १६७६ मध्ये शिवाजी महाराजांनी त्यांना विधिपूर्वक स्वधर्मात घेतले. बजाजी निंबाळकरांची परंपरेने सांगितली जाणारी हकिकत अधिक बोलकी आहे. बजाजी स्वधर्मात परतले, पण नुसत्या विधीने समाजाची कुजबूज थांबते थोडीच? तेव्हा महाराजांची कन्या सखुबाई बजाजींच्या पुत्राला, महादजीला देण्यात आली. राजघराण्यानेच सोयरीक केल्यावर बोलायला कोणाची जीभ रेटणार? संस्कार एका दिवसाचा असतो, सोयरीक पिढ्यांची असते. स्वीकाराची खरी कसोटी पंगतीत आणि सोयरिकीत लागते, हे त्या काळच्या धुरिणांनी ओळखले होते.

फाळणीच्या वेळी याच कसोटीला सारा देश बसला. ६ डिसेंबर १९४७ रोजी भारत व पाकिस्तान यांच्यात पळवून नेलेल्या स्त्रियांच्या शोधासंबंधी करार झाला. पुढे १९४९ मध्ये त्यासाठी कायदाही आला. मृदुला साराभाई आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी जिवावर उदार होऊन गावे धुंडाळली. दोन्ही बाजूंच्या मिळून सुमारे ३० हजार स्त्रिया शोधण्यात आल्या. परंतु घरच्यांनी नाकारल्यामुळे पुष्कळ जणींचे आयुष्य आश्रमांत गेले. राष्ट्राच्या नेत्यांना जाहीर आवाहने करावी लागली की, या मुली निष्कलंक आहेत, त्यांना घरात घ्या. मुलांचा प्रश्न तेव्हाही सर्वांत बिकट ठरला. आणखी एक दोष त्या कामात राहिला. काही स्त्रियांना त्यांची इच्छा न विचारताच सीमेपलीकडे पाठवण्यात आले. पीडितेची सुटका करताना तिचे मत विचारायचे राहून गेले, तर त्या सुटकेतही बळजबरीचा अंश उरतो.

१९४८ : मराठवाड्याची न लिहिलेली वही

आता मराठवाड्याकडे वळू. २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानंतर निजामी राज्यात रझाकारांचा जोर वाढत गेला. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करणारा होता. आजचा लातूर जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. लातूर, औसा उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात, तर उदगीर, निलंगा, अहमदपूर बीदर जिल्ह्यात होते. गावांवर धाडी, लूट, जाळपोळ, हत्या असे ते वर्ष गेले. बीदर जिल्ह्यातील गोरटा गावात मे १९४८ मध्ये झालेली कत्तल जुन्या माणसांच्या स्मरणात कायमची कोरली गेली.

लोक सरहद्दीकडे पळाले. नांदेडकडच्यांना पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड होते, उमरखेड-पुसदचा आसरा होता. लातूर-उस्मानाबादकडच्यांना बार्शी आणि सोलापूर जवळचे. बैलगाड्यांत धान्य, भांडी, म्हातारी माणसे आणि लेकरे घालून कुटुंबे निघाली. सरहद्दीवर स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते. तेथून सशस्त्र लढा चालला आणि त्यांच्या आधाराने निर्वासितांनाही धीर मिळाला. त्या लढ्याचा इतिहास लिहिला गेला आहे. सरहद्दीपलीकडच्या ज्या घरांनी महिनोन्‌महिने परक्या कुटुंबांना आश्रय दिला, त्यांची यादी मात्र कोणी केली नाही. पाहुण्यारावळ्यांनी माजघर रिकामे करून दिले, व्यापाऱ्यांनी वखारी उघडल्या, गावाने आपल्या पिठात त्यांचे पीठ मिसळले. ‘सामुदायिक आधारसेवा’ हा शब्द तेव्हा कोणी ऐकलेला नव्हता, पण ती सेवा घडत होती.

या वहीतली काही पाने मात्र मुद्दाम कोरी ठेवली गेली. स्त्रियांवर जे अत्याचार झाले त्याबद्दल घरात बोलायचे नाही, असा अलिखित दंडक पडला. अब्रूच्या कल्पनेने कित्येकींचे तोंड जन्मभर शिवले. स्वातंत्र्यसैनिकांना पुढे सन्मानवेतन मिळाले, ताम्रपट मिळाले. अत्याचार सोसून जगलेल्या स्त्रीसाठी मात्र कोणती योजना निघाली नाही आणि तिला कोणी विचारलेही नाही. इराकच्या कायद्यात दोष असतील, पण त्याने वाचलेल्या स्त्रीला ‘तुझे राष्ट्र तुझे देणे लागते’ एवढे तरी मान्य केले. मराठवाड्यात ते शब्द कधी उच्चारले गेले नाहीत.

आणखी एक पान उघडल्याशिवाय ही वही प्रामाणिकपणे मिटता येणार नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना निजामी राज्यात शिरली आणि १७ सप्टेंबरला शरणागती झाली. त्यानंतरच्या दिवसांत सूडाची लाट उसळली. रझाकारांच्या अपराधांची शिक्षा पुष्कळ ठिकाणी ज्यांचा त्या टोळ्यांशी काही संबंध नव्हता अशा मुसलमान कुटुंबांना भोगावी लागली. भारत सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या शिष्टमंडळाने १९४८ च्या अखेरीस दौरा केला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत झळ सर्वांत तीव्र होती, असे त्यांनी नोंदवले. मृतांच्या आकड्यांविषयी वाद आहेत, घटनेविषयी नाहीत. लातूर हे नाव त्या अहवालात वेदनेने आले आहे.

त्याच अहवालात दुसरीही एक नोंद आहे, आणि ती मराठवाड्याने अभिमानाने सांगावी अशी आहे. अनेक ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना घरात लपवून वाचवले. विणकरांच्या वस्त्यांत तर हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी प्रसंगी प्राण दिले. पळवून नेलेल्या मुसलमान स्त्रियांना शोधून परत पोचवण्यातही कित्येक हिंदूंनी पुढाकार घेतला. आणि त्याच्या काही दिवस आधी, ऑगस्ट १९४८ मध्ये, ‘इमरोज’ पत्राचा संपादक शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध लिहितो म्हणून हैदराबादेत मारला गेला होता. शेजारधर्म ज्याला कळला तो कोणत्याही बाजूला जन्मलेला असला तरी एकाच रांगेत उभा राहिला. संरक्षण म्हणजे काय, याची व्याख्या त्या अनाम विणकराने आपल्या रक्ताने लिहिली आहे. जो समाज स्वतःच्या पीडितांसाठी जगाकडे न्याय मागतो, त्याने आपल्या दाराशी आलेल्या निरपराधाला कोणत्या देवाचे नाव घेतोस हे विचारता कामा नये. यझिदींचे दुःख त्यांच्यासाठी जेवढे खरे, तेवढेच हेही दुःख खरे.

१९९३ : किल्लारीने शिकवलेले धडे

पंचेचाळीस वर्षांनी मराठवाड्यावर दुसऱ्या प्रकारचा घाला पडला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन करून थकून झोपलेल्या गावांवर किल्लारी-सास्तूर परिसरात दगड-मातीची माळवदाची घरे कोसळली. सरकारी गणनेप्रमाणे साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. येथे शत्रू कोणी नव्हता, पण वाचलेल्यांचा प्रश्न तसाच होता. अनाथ मुले, एकाकी वृद्ध, एका रात्रीत विधवा झालेल्या स्त्रिया उरल्या होत्या.

या वेळी समाज १९४८ पेक्षा अधिक जागा होता. लातूरचे विवेकानंद रुग्णालय १९६६ पासून कार्यरत होते. तेथील डॉक्टर-कार्यकर्त्यांनी जखमींच्या सेवेचा भार उचलला. ज्ञान प्रबोधिनीने हराळीला निवासी शाळा उभारली आणि ती आजही परिसराशी बांधलेली आहे. राष्ट्र सेवा दलाच्या पन्नालाल सुराणांनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ सुरू केले. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी घेऊन त्यांना पुण्याला नेले, त्यातून वाघोलीचे संकुल घडले. या संस्थांचे विचार वेगळे, प्रेरणा वेगळ्या. परंतु एक गोष्ट समान होती. वर्तमानपत्रांतील मथळे संपल्यावर त्या परत गेल्या नाहीत. मुलगा दहावी होईपर्यंत, मुलीचे लग्न होईपर्यंत, त्यापुढेही त्या थांबल्या. पीडिताला मदतीपेक्षा या सातत्याची गरज मोठी असते.

सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठी पुनर्वसन योजना राबवली. पन्नासाहून अधिक गावे नव्या जागी वसली. भिंती पक्क्या झाल्या, पण चूक दुसरीकडे झाली. पूर्वीच्या जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे वाटली गेली आणि गावातील विषमता सिमेंटमध्ये पक्की झाली. सरळ रेषेतील रुंद रस्त्यांनी जुन्या गल्ल्या, जुनी भावकी, जुना ओटा मोडला. ज्या शेजारणीच्या दारात बसून विधवा रडू शकत होती, ती शेजारीण आता गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. घर बांधून दिले की पुनर्वसन होते, हा समज किल्लारीने खोटा ठरवला.

ज्या गावांत घरे जागच्या जागी दुरुस्त करायची होती, तेथे मात्र एक वेगळा प्रयोग यशस्वी झाला. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या माध्यमातून गावातील स्त्रियांनाच संवादसहायक म्हणून नेमण्यात आले. त्यांनी अनुदानाचे नियम समजून घेतले, गवंड्याच्या कामावर लक्ष ठेवले, सिमेंट-पट्टीचे मोजमाप शिकून घेतले. कालपर्यंत मदतीच्या रांगेत उभ्या असलेल्या बायका कामाच्या सूत्रधार झाल्या. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला तेव्हा याच परिसरातील स्त्रिया तेथील भगिनींना धीर द्यायला गेल्या. ज्याने सोसले आहे त्याच्याच हाती दुसऱ्याला सावरण्याची सर्वांत मोठी शक्ती असते. दोहूकच्या केंद्रांमध्ये यझिदी तरुणींनी जे सिद्ध केले, ते लातूर-उस्मानाबादच्या शेतकरी स्त्रियांनी कितीतरी आधी करून दाखवले होते.

आज करावयाचे काम

या साऱ्यातून नांदेड-लातूरच्या कार्यकर्त्यांनी काय घ्यावे?

पहिली गोष्ट, निर्णय जाहीर असावा. बाबा शेख यांनी मनात क्षमा केली असती तर एकही मुलगी परतली नसती. त्यांनी ती सर्वांसमोर सांगितली. महाराष्ट्रात मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने तो सर्व ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. मराठवाड्यात शेतकरी आत्महत्यांनी विधवा झालेल्या तरुण स्त्रियांची घरे गावोगावी आहेत. त्यांना हळदी-कुंकवाला बोलावणारे, त्यांची ओटी भरणारे पहिले घर गावातील प्रतिष्ठिताचे असावे. निंबाळकरांच्या सोयरिकीचा तोच अर्थ आहे.

दुसरी गोष्ट, शासनाच्या योजना आणि पीडित यांच्यामध्ये ओळखीचे माणूस हवे. अत्याचारपीडितांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आहे, विधी सेवा प्राधिकरण आहे, १८१ क्रमांकाची मदतवाहिनी आहे. परंतु मुखेड किंवा देवणी तालुक्यातील एखाद्या वाडीवरची मुलगी एकटी तेथवर पोचत नाही. तिच्याबरोबर एस.टी.त बसणारी, दवाखान्यात शेजारी थांबणारी, न्यायालयाच्या प्रत्येक तारखेला हजर राहणारी एक स्त्री प्रत्येक गावगटात तयार व्हावी. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, बचत गटाची अध्यक्षा यांतून अशी स्त्री निवडता येईल.

तिसरी गोष्ट, गुप्तता. सेवेच्या उत्साहात पीडितेचे नाव, छायाचित्र, गाव सर्वत्र जाते आणि मदतच तिला नव्याने उघड्यावर आणते. तिने कधी, कोणाजवळ आणि किती बोलावे हे तिनेच ठरवावे. मौन पाळायला लावणे हा १९४८ चा दोष होता, तर बोलायला भाग पाडणे हा आजचा दोष होऊ नये.

चौथी गोष्ट, मूल. देवलस्मृती अडली तेथे, फाळणीचा कायदा अडला तेथे, यझिदी परिषद अडली तेथे आजच्या समाजाने अडू नये. आईवर कोणी लादलेल्या पापाचा वारसा लेकराला नाही. शाळेच्या पटावर, जातीच्या दाखल्यात, घराच्या देवघरापुढे त्याला इतर मुलांइतकाच हक्क मिळाला पाहिजे.

पाचवी गोष्ट, स्मृती. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे. तेथील व लातूर-उदगीरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी उमरखेड, बार्शी, सोलापूरकडे गेलेल्या कुटुंबांच्या, त्यांना आश्रय देणाऱ्या घरांच्या, आणि सप्टेंबरनंतर उजाड झालेल्या मुसलमान कुटुंबांच्याही आठवणी आजच टिपून ठेवाव्यात. वृद्ध आजींनी ज्या गोष्टी सांगू दिल्या तेवढ्याच लिहाव्यात. हे काम आणखी पाच वर्षांनी करता येणार नाही.

बंधुभगिनींनो, शासन पैसा देईल, कायदा हक्क देईल, डॉक्टर औषध देतील. ते सारे आवश्यकच आहे आणि त्यासाठी भांडावेही लागेल. परंतु ‘ये, हे घर तुझेच आहे’ हे वाक्य कोणत्याही शासन-निर्णयात लिहिता येत नाही. ते आईने, सासूने, भावाने, गावच्या पाटलाने, देवळाच्या पुजाऱ्याने आणि मशिदीच्या मौलवीने स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागते. यझिदींच्या वृद्ध धर्मगुरूने ते म्हटले. विणकरांच्या वस्तीतल्या अनाम माणसांनी प्राण देऊन म्हटले. हराळी-नळदुर्गच्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे तेच म्हटले. पुढच्या १७ सप्टेंबरला हुतात्म्यांच्या नावांबरोबर या आश्रयदात्यांचेही स्मरण गावोगावी व्हावे आणि ध्वजवंदनानंतर प्रत्येक गावाने आपल्या शिवारात दार बंद झालेले एक घर शोधावे. मुक्तिसंग्रामाचे उरलेले काम त्या दाराशी आहे.